बेटावर पाठवलेली राख

साल दोन हजार चोवीस, आणि मी सत्तर वर्षांचा. ह्या वयात माणसानं काय करावं हे सांगणारे लोक आमच्या घरात भरपूर आहेत, त्यामुळं मला स्वतःला विचार करायचे कष्ट पडत नाहीत. मुलगा म्हणतो, आबा, सकाळी चालायला जा. सून म्हणते, आबा, टीव्हीचा आवाज कमी करा. बायको काही म्हणत नाही, ती नुसती बघते. त्यात ह्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, तुमच्या धंद्याबद्दल लिहा. मी चौथी शिकलेला माणूस. चौथीसुद्धा मास्तरांनी मला कंटाळून पास केली. पण लिहा म्हटलं म्हणून लिहितोय. लिहू नका म्हणाले असते तर जास्त लिहिलं असतं.

माझा धंदा गलाईचा. आमच्या भागात हे सांगावं लागत नाही, विट्याकडं घरटी एक माणूस गलाईत असतो. पण पुण्याच्या बाजूला सांगितलं की लोकांना गलाई म्हणजे कल्हईचा भाऊ वाटतो. तर सांगतो. तुमच्या आजीच्या मोडक्या बांगड्या, आत्याचा एकच उरलेला झुबा, काकांची घासून पातळ झालेली अंगठी, हे सगळं सोनार मोडीत घेतो आणि आमच्याकडं पाठवतो. त्यात तांबं असतं, चांदी असती, जोडाला लावलेला डाग असतो. आम्ही ते मुशीत वितळवतो. मूस म्हणजे भट्टीत न फुटणारी वाटी. मग ते शुद्ध करायचं. आता गंमत अशी की सोनं शुद्ध करायला त्यात आधी भरपूर चांदी मिसळावी लागते. म्हणजे चांगलं करायच्या आधी पुरतं बिघडवायचं. मग पाण्यात ओतून दाणे पाडायचे आणि तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळायचं. तेजाब बाकी सगळं खाऊन टाकतं आणि तळाला सोनं राहतं. दिसायला कसं? तपकिरीसारखं. काळपट, मळकट, नाकात ओढावं असं. ते धुऊन परत वितळवलं की मग ते पिवळं होतं आणि माणसं तुमच्याकडं माणसासारखी बघायला लागतात.

तोपर्यंत मात्र तुम्ही चोर. सगळा जन्म मी चोर म्हणून काढला. साताऱ्यात पेन्शनर लष्करी लोक लय. एक सुभेदारसाहेब होते, बायकोचं सोनं सोनाराकडं न देता थेट माझ्याकडं घेऊन आले. म्हणाले, समोर वितळवायचं, मी इथंच बसणार. बसा म्हटलं. स्टुलावर ताठ बसले, जणू सरहद्दीवर ड्युटी लागलीय. तेजाबाचा तांबडा धूर निघाला, मी तोंडाला फडकं बांधून बाहेर आलो. साहेब जागचे हलले नाहीत. डोळ्यांतनं घळाघळा पाणी, खोकून खोकून चेहरा लाल, पण नजर भांड्यावर. मी दारातनं म्हटलं, साहेब, बाहेर या, सोनं कुठं पळत न्हाई. ते म्हणाले, "सोन्यावर भरोसा हाय. तुमच्यावर न्हाई." शेवटी तळाची तपकीर दाखवली तर म्हणाले, ही माती कुणाची, माझं सोनं कुठं? पिवळं करून हातात दिलं तेव्हा बराच वेळ उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, ह्यात तिची कुठली बांगडी कुठं गेली हे आता कळणार न्हाई, व्हय? मी म्हटलं, न्हाई कळणार. त्यावर त्यांनी माझे आभार मानले नाहीत. बरोबरच आहे.

दुसरी एक माण तालुक्याकडची मेंढरंवाली बाई. सासूचे चांदीचे तोडे घेऊन आलेली, हातात धरले तर कोपर खाली जावा असे. तिचं म्हणणं एकच, माझ्या सासूची चांदी दुसऱ्या कुणाच्या चांदीत मिसळायची नाही. मी समजावलं, बाई, चांदीला सासू कळत नाही. ती म्हणाली, "तुमाला कळत नसंल. ती वळखती." मग तिच्या एकटीसाठी भट्टी पेटवली. कोळसा माझा, वेळ माझा, आणि जाताना मलाच विचारलं, मुशीत आधीचं काही चिकटलं नव्हतं ना? अशी गिऱ्हाइकं होती म्हणून धंद्यात मन रमलं. नाहीतर विचार करा, सोनार घडवतो, लोक त्याचं नाव घेतात. आम्ही काय करतो? घडलेलं मोडतो. किती घरांच्या आज्या मी वितळवल्या असतील, त्याचं कुणी मला मानपत्र दिलेलं नाही.

आता ह्या धंद्यातली खरी गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तिला न्यारा म्हणतात. सोनं जिथं वितळतं, घासलं जातं, तिथं त्याचे कण उडतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण असतात. म्हणून गलाईवाला केर टाकत नाही. झाडलेली धूळ पोत्यात. हात धुतलेलं पाणी पिंपात. बसायची चटई फाटली की जाळून तिची राख डब्यात. ही सगळी घाण म्हणजे न्यारा, आणि ती थाळीत पाण्यानं धूत धूत, माती वाहून घालवत, खाली उरेल ते सोनं. दुकान सोडायचं झालं तर जमीनसुद्धा उकरून न्यायची. भिंतीची काजळी खरवडायची. रिवाजच आहे तो. आणि दुसरा रिवाज म्हणजे पोत्यात काय आहे हे कधी तोंडानं बोलायचं नाही. विचारलं तर सांगायचं, राख आहे. टेम्पोवाल्याला राख, पोलिसाला राख, सख्ख्या भावालासुद्धा राख.

भावाचं सांगायचं तर गावाचं सांगावं लागेल. माझं गाव म्हणजे कृष्णेतलं बेट. कराडच्या खाली नदीचे दोन फाटे होतात आणि पुढं जाऊन मिळतात, मधे आमची काळी मळीची जमीन आणि एके काळी पंधरा-सोळा घरं. लोक त्याला मळीचं बेट म्हणतात. बेट म्हटलं की शहरातल्या लोकांच्या डोळ्यासमोर नारळ येतात. आमच्याकडं ऊस, वांगी आणि चिखल. जायला नाव नव्हती, काईल होती. गूळ करायची ती मोठी कढई, तीच पाण्यात सोडायची आणि वल्हं मारायचं. गोल असल्यामुळं ती पुढं कमी जाते आणि स्वतःभोवती जास्त फिरते. आमच्या बेटावरचा माणूस पैलतीराला पोचला की पहिल्यांदा तोंड कुठं आहे ते बघतो.

गलाईला बाहेर पडलेली आमच्याकडची माणसं कुठं कुठं गेली. कोणी कोचीला, कोणी कटकला, एकजण पार आसामात. मी साताऱ्याला. मोठी झेप घेतली म्हणा. पण बघा, कोचीवाला दर जत्रेला विमानानं पुण्यापर्यंत येऊन बेटावर हजर, आणि साताऱ्याहून कराडला एसटी बदलून दोन-तीन तासांत पोचणारा मी मात्र उद्या जाऊ म्हणत राहिलो. लांबच्या माणसाला तारीख ठरवावी लागते. जवळच्याला कधीही जाता येतं, म्हणून तो कधीच जात नाही. मी मात्र सगळ्यांना सांगत आलो, धंदा आवरला की परत जाणार. गिऱ्हाइकांना सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. बायको कलावती एकदा म्हणाली, "आवं, जायाचं आसतं त्यो सांगत बसत न्हाई." मी लक्ष दिलं नाही. तिला मी पाटल्या करून देत नाही म्हणून ती कायम टोचून बोलायची, आणि मी दुकानाच्या जमिनीकडं बोट दाखवून म्हणायचो, तुझ्या पाटल्या त्यात साठत्यात, थांब जरा. गलाईवाल्याच्या बायकोच्या अंगावर सोनं नसतं, हे कुणाला खरं वाटत नाही.

मागं दोन मोठे पूर येऊन गेले आणि बेट रिकामं व्हायला लागलं. पलीकडं उंचावर प्लॉट मिळाले, लोक गेले. राहिला फक्त माझा धाकटा भाऊ म्हादू. त्याची बायको गुडघ्याचं ऑपरेशन करायला विश्रामबागेत लेकीच्या फ्लॅटवर गेली ती तिथंच राहिली. लिफ्ट आहे म्हणाली. म्हणजे अख्ख्या बेटावर एक म्हादू, एक म्हैस आणि एक काईल. आणि आमच्या बेटाचा हिशेब साधा आहे. तिथं राहायला किमान दोन माणसं लागतात. एक काईल घेऊन गेला आणि पलीकडं पाय मोडून पडला, तर दुसऱ्यानं काठावर उभं राहून हाळी तरी द्यावी. ह्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला म्हादूला ताप भरला. कुणाला पत्ता नाही. ताप उतरल्यावर त्यानंच मला फोन केला.

म्हणाला, "आण्णा, पावसाळ्याच्या आत सांग. तू येत आसशील तर मी ऱ्हातो. न्हायतर म्हस इकतो आन इश्रामबागंला जातो. एकट्याचं काम न्हाई हे."

मी म्हटलं, येतो की. तो म्हणाला, हे मी लगीन झाल्यापासून ऐकतोय.

घरी विषय काढला. मुलगा दीपक एमआयडीसीत सुपरवायझर आहे, त्याला सगळ्या गोष्टींत धोका दिसतो, पगारच त्याचा मिळतो. तो म्हणाला, आबा, तुमची छाती तेजाबानं गेलेली, बेटावर साप, पूर, दवाखाना नाही, एकटे मरून पडाल. म्हटलं, एकटा कसा, म्हादू आहे. तो म्हणाला, मग दोघं मराल. कलावती म्हणाली, साताऱ्यात नळाला पाणी येतं, मी काईलीत बसून पाणी आणायच्या वयाची राहिलेली नाही. पाणी तर काईलीच्या खालीच असतं, पण मी बोललो नाही. सुनेनं टीव्हीचा आवाज वाढवला, म्हणजे तिचं मत मला कळलं.

त्याच वेळी दुकानाच्या मालकाला इमारत पाडायची होती. तशीही गिऱ्हाइकं राहिली नव्हती. आता मशीन आलंय, त्यात दागिना ठेवला की मिनिटात सांगतं किती सोनं, किती तांबं. मशीनवर कुणी संशय घेत नाही. सुभेदारसाहेब त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले असते का, हा प्रश्नच आहे. तर मी दुकान आवरायला घेतलं. आणि खरं लिहायचं तर ते आवरणं मी जमेल तितकं लांबवलं. जमीन उकरली, काजळी खरवडली, चटया जाळल्या, कौलांवरची धूळसुद्धा सोडली नाही. म्हादूचा फोन आला की सांगायचो, न्यारा काढतोय, तो धुतल्याशिवाय दुकान सोडता येत नाही, रिवाज आहे. आपल्या पायांना न जायला कारण लागतं तेव्हा रिवाज लय उपयोगी पडतात.

पोती भरून झाली. धुवायला भरपूर पाणी लागतं, आणि दीपकच्या सोसायटीत मी बादलीभर जास्त पाणी वापरलं तरी सेक्रेटरी वर येतो. म्हणून पोती टेम्पोत घालून बेटावर पाठवली. म्हादूला फोन केला, पोती येत्यात, उतरून घे. त्यानं विचारलं, काय हाय त्यात? माझ्या तोंडातनं सवयीनं जे यायचं तेच आलं. राख हाय, म्हटलं.

त्यानंतर मी शिमगा होईपर्यंत काही गेलो नाही. शेवटी घरात बसून सगळ्यांचा जीव खाल्ल्यावर एक दिवस एकटाच उठून कराडला गाडी बदलली. काठावरनं हाळी दिली, म्हादू काईल घेऊन आला. दोन-चार गिरक्या घेऊन आम्ही पलीकडं लागलो. त्यानं मला आधी घरात नेलं नाही, वांग्याच्या वाफ्यात नेलं. वांगी अशी टवटवीत, काळीभोर, पानांना एक भोक नाही.

"बग आण्णा," तो म्हणाला, "तुज्या राखंनं किडा पार पळाला. सगळी पोती टाकली. आनी आसली तर पाठव."

मी वाफ्याच्या बांधावर बसलो. आमच्याकडं भाजीवर राख टाकतातच, त्यात म्हादूची चूक काही नाही. राख म्हणून सांगितलेली राख त्यानं राखेसारखी वापरली. साताऱ्यातली माझी सगळी जमीन, भिंती, चटया आणि काजळी आता वांग्यांच्या मुळाशी होती, आणि वर दोन वेळा पाणीसुद्धा पाजून झालं होतं. दुपारी त्यानं त्याच वांग्यांचं भरीत केलं. गुपचूप खाल्लं. इतकं महागाचं भरीत साताऱ्यातल्या कुठल्या सराफाच्या लग्नातही वाढलं गेलं नसेल.

जेवण झाल्यावर पोत्यात खरं काय होतं ते सांगितलं. म्हादूचा हात पाण्याच्या तांब्यावर तसाच राहिला. मग तो उठून बाहेर गेला, वाफ्याच्या कडेला पायतण काढून उभा राहिला. पायतणाला काही लागून जाऊ नये म्हणून. आत आला तेव्हा त्याचं तोंड मातीसारखं झालं होतं. म्हणाला, म्हशीचं गिऱ्हाईक ठरवलं होतं, त्याला नाही म्हणून सांगतो. तुझं सोनं इथं मातीत आणि मी विश्रामबागेत लिफ्टमधे बसून वर-खाली करणार, हे मला जमणार नाही. ह्याची भरपाई होईपर्यंत मी हलत नाही.

मी कलावतीला फोन लावला आणि पोत्यांचं काय झालं ते सांगितलं. आता ओरडणार म्हणून फोन कानापासून लांब धरला होता. पण ती एकदम हळू आवाजात बोलली. म्हणाली, "आवं, तितनं हलू नगा. मी येती." मग दीपकनं फोन घेतला. तोच दीपक, साप आणि पूरवाला. म्हणाला, आबा, तो वाफा सोडायचा नाही. कुणाला कळू देऊ नका. काकांना एकट्याला ठेवू नका. तुम्ही तिथंच राहा, धुऊन काढा सगळं, लागू दे किती दिवस लागायचे ते. मी विचारलं, आणि माझी छाती? तो म्हणाला, नदीकाठची हवा चांगली असते. दोन महिन्यांपूर्वी ह्याच हवेत मी मरून पडणार होतो. सोन्यामुळं हवा सुधारते, हे मला धंद्यात कधी दिसलं नव्हतं.

दिवस कलायच्या सुमाराला आम्ही दोघं भाऊ दारात बसलो होतो. म्हादू म्हैस बांधून आला आणि म्हणाला, "आण्णा, खरं सांग. किती आसंल त्यात?"

मी इकडंतिकडं बघितलं. बेटावर तिसरं माणूस नव्हतं तरी बघितलं, सवय.

"बारक्या पोरीच्या नथीपुरतं," मी म्हटलं. "झालं तर."

त्याला खरं वाटेना. मी सांगितलं, बाबा, मी गलाईवाला आहे. वर्षाच्या वर्षाला दिवाळीआधी ती जमीन झाडून, धुऊन, निघेल ते काढून घेत आलो. त्यातच दीपकचं शिक्षण झालं, घर झालं. उरलं ते रिवाजापुरतं. पाटल्या-बिटल्या काही नाहीत त्यात. कलावतीला मी जमिनीकडं बोट दाखवायचो ते तिचं तोंड बंद करायला.

"मग वयनीला फोन कर आन खरं सांग," म्हादू म्हणाला.

"आन सांगितलं की काय हुईल?"

म्हादूनं विचार केला. त्याला जरा वेळ लागतो, पण एकदा लागला की सरळ जातो. वहिनी येणार नाही. दीपक गाडी घेऊन मला न्यायला येईल. म्हैस विकली जाईल. काईल काठावर पालथी पडेल.

"आन न्हाई सांगितलं तर?" त्यानं विचारलं.

"तर मला धुवावं लागंल. सगळा वाफा. थाळीथाळीनं. ह्या वयात हात हळू चालत्यात माजं."

तो उठला. आत गेला आणि पलीकडच्या खोलीत, जिथं उसाची अवजारं ठेवली होती, तिथं अवजारं हलवल्याचा आवाज यायला लागला. ती आमच्या आईची खोली. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाला, भिंतीला पुराची खूण हाय, वयनीला दिसली तर बिथरंल, तिथं कपाट सरकवू का? मी म्हटलं, सरकव.

ज्यांना वाटत असेल की मी घरच्यांना फसवतोय, त्यांच्यासाठी सांगतो. मी कुणाशी एक शब्द खोटा बोललो नाही. त्यात सोनं आहे हे खरं. ते धुवावं लागेल हे खरं. गलाईवाला न्यारा न धुता दुकान बंद करत नाही, हेही खरं. एक कण असला तरी तो कुणाचातरी आहे, मातीत सोडायचा नसतो. बाकी लोकांच्या मनात किती आहे ते मोजायचं काम माझं नाही. मनातलं सोनं आमच्या कुठल्याच भट्टीत घटत नाही. आणि दीपक हा अंक वाचेल ही भीती मला नाही. घरात येणारे दिवाळी अंक तो फराळाच्या डब्याखाली घालायला वापरतो. सुनेचं सांगता येत नाही, पण मी बेटावर असलो की टीव्हीचा आवाज तिच्या ताब्यात राहतो. ती बोलायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, थाळी घेतली, वाफ्यातली एक पाटी माती भरली आणि नदीला जाऊन बसलो. थाळी पाण्यात धरायची, हलवायची, वरची माती सोडून द्यायची. हाताला सगळं आठवत होतं. पैलतीरावरनं हाळी ऐकू आली. दीपकनं आईला गाडीतनं सोडलं होतं आणि त्याची कंपनीतली पाळी होती म्हणून तो तसाच मागं फिरला होता. म्हादू काईल घेऊन गेला. कलावती काईलीत बसली ती दोन्ही हातांनी पिशव्या धरून, डोळे मिटून, आणि काईल फिरत फिरत आली. उतरल्यावर तिनं पदर सारखा केला आणि सरळ माझ्या डोक्यावर येऊन उभी राहिली.

"दिसतंय का काय?" तिनं विचारलं.

मी थाळी तिरकी करून उजेडात धरली. तळाला अभ्रकाचे बारीक कण चमकत होते.

"दिसतंय," मी म्हटलं. "पन लय बारीक हाय. येळ लागंल."

ती खाली वाकली. गलाईवाल्याच्या घरात तिनं अख्खा संसार केलाय, अभ्रक आणि सोनं तिला लांबनंही कळतं. तिनं थाळीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग घराकडं बघितलं. म्हादूनं दार उघडं ठेवलं होतं.

"म्हादू भावजी," ती म्हणाली, "गॅसची टाकी ह्या काईलीतनं येती का?"

येती की, म्हादू म्हणाला. ती पिशव्या उचलून वर निघाली. मी थाळीतलं पाणी सावकाश सांडलं, रिकामी पाटी काठावर पालथी घातली आणि चहा कधी होतोय ते बघायला तिच्या मागं गेलो. दुसरी पाटी त्या दिवशी भरली नाही.